दुनळीचा बार उडत नाही? आधी काडतूस बघा, कानस उचलू नका

दुनळी खांद्याला लावली, चाप ओढला, ‘ठक्’ असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. रावेर-यावलचे केळीवाले असोत की शिरपूर-साक्रीकडचे मकावाले, पावसाळा संपता संपता सगळे हीच तक्रार घेऊन येतात. “दादा, बार उडस नही.” परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात मी उस्तादांच्या हाताखाली शिकलो. आता चष्म्याशिवाय पिन दिसत नाही इतकी वर्षं झाली, पण तक्रार बदललेली नाही. बंदुकाही बहुतेक त्याच असतात. आजोबांच्या नावावरची, मग वडिलांच्या, आता नातवाच्या परवान्यावर चढलेली बाराबोर.

या तक्रारीला जोडून हल्ली एक मागणीही असते. “उघडलीच आहे तर डुकरासाठी जरा बनवून द्या. नळी थोडी कापा, चोक काढा, पिन लांब करा.” त्याबद्दल, आणि चोक म्हणजे काय तेही, पुढे सविस्तर लिहितो. तूर्त एवढंच की माझ्याकडे आलेल्या न उडणाऱ्या बंदुकांपैकी बहुतेकांत लोखंडाचा दोष नव्हता. दोष काडतुसाचा होता, तेलाचा होता, नाहीतर मधल्या काळात कुणीतरी केलेल्या ‘सुधारणेचा’ होता.

नेमकं होतं काय, ते आधी बघा

“उडत नाही” या दोन शब्दांत सात-आठ वेगवेगळी दुखणी असतात. काडतूस बाहेर काढून त्याच्या बुडाची टोपी, म्हणजे पिनेचा मार बसला की पेटणारा भाग, बघितली की निम्मा निकाल तिथेच लागतो.

टोपीवर खोल, गोल, मधोमध खड्डा आहे आणि तरी बार झाला नाही, तर बंदुकीने आपलं काम केलंय. काडतूस मेलेलं आहे.

खड्डा उथळ आहे, नखाने चाचपडावा लागतो, तर घोड्याचा मार पोचत नाही. तेल घट्ट झालंय, काडतूस नीट बसलेलं नाही किंवा स्प्रिंग थकली आहे.

खड्डा एका बाजूला सरकलाय, तर नळी आणि ती जिथे टेकते त्या लोखंडी तोंडाचा मेळ बिघडलाय, नाहीतर पिन झिजून वाकडी झालीय.

खड्डाच नाही आणि ‘ठक्’ मात्र ऐकू आलं, तर पिन तुटली आहे किंवा भोकात अडकून बसली आहे. ‘ठक्’सुद्धा झालं नसेल तर आधी सेफ्टी बघा.

एकच नळी दर वेळी दगा देते, दुसरी ठणठणीत, तर काडतुसाला दोष देऊ नका. दोन्ही नळ्या कधी उडतात, कधी नाही, तर आधी काडतुसावरच संशय घ्या.

आता तीन लक्षणं अशी, की ती दिसली तर पुढचं काहीही न वाचता बंदूक बाजूला ठेवायची. पहिलं म्हणजे नेहमीच्या ‘धाड्’ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला. दुसरं, एका चापावर दोन्ही नळ्या उडाल्या. तिसरं, बंदूक मिटताना, चापाला बोट न लावता, बार झाला. दुसऱ्या-तिसऱ्यात घरी करण्यासारखं काही नाही. पहिल्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण माणसं यातच हात गमावतात.

‘फुस्स’ झालं म्हणजे टोपी पेटली, पण दारू नीट पेटली नाही. छर्रे किंवा त्यामागची डाट नळीत मध्येच अडकलेली असू शकते. अशा वेळी घाईत दुसरं काडतूस भरून चाप ओढला तर नळी फुगते नाहीतर फाटते, आणि फाटते ती नेमकी डाव्या हाताच्या पंजाजवळ. चोपड्याकडच्या एका नानांनी आणलेल्या बंदुकीच्या नळीवर मध्यावर अंगठी चढवल्यासारखा फुगवटा होता. नाना म्हणाले, “एक बार हलका गेला, पुढचा मात्र जोरदार झाला.” त्या जोरदार बाराने नळी कायमची गेली. बोटं वाचली हे नशीब.

चाप ओढला आणि काही झालं नाही, त्या क्षणी

नळी जिकडे होती तिकडेच, म्हणजे मोकळ्या जमिनीच्या दिशेने, धरून ठेवा. मनात तीसपर्यंत मोजा. जुन्या, दमट काडतुसाची दारू कधीकधी उशिरा पेटते, आणि लगेच बंदूक उघडून आत बघायला गेलं की बार उघड्या तोंडातून अंगावर येतो. तीस मोजून झाले की आपला चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडा. तेच काडतूस “बघू परत लागतं का” म्हणून दुसऱ्यांदा मारायचं नाही.

घरी आल्यावर कुठलीही तपासणी करण्याआधी काडतुसं मोजून दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग दोन्ही नळ्यांत डोळ्याने बघा, बोट घालून बघा. रिकामी आहे हे मला माहीत आहे, असं म्हणणाऱ्याच्याच छतात छर्रे सापडतात.

फुकटातली तपासणी: सेफ्टी आणि चाप

हसू नका. बिनघोड्याच्या बऱ्याच दुनळ्यांत बंदूक उघडली की सेफ्टी आपोआप मागे सरकून लागते. घरात आजवर बाहेर घोडे असलेली बंदूक होती आणि आता काकांकडून बिनघोड्याची आली, की हाताची सवय जुनीच राहते. चाप दाबतात, तो हलत नाही, आणि “बंदूक जाम झाली” म्हणून मोटरसायकलवर पन्नास किलोमीटर येतात.

दुसरं, दोन चापांच्या दुनळीत पुढचा चाप सहसा उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा असतो. काडतूस एकच भरलं, तेही डावीकडे, आणि ओढला पुढचा चाप, तर काय उडणार? असं कबूल करायला माणसं लाजतात, म्हणून मीच हळूच विचारतो.

काडतूस: शंभरातला मोठा वाटा इथेच

काडतुसं महाग, वर्षाला मिळतात मोजकी, म्हणून माणूस ती जपतो. पण जपतो कुठे? चुलीवरच्या फळीवर, पत्र्याच्या खोलीत, ट्रॅक्टरच्या पेटीत, फवारणीच्या औषधांशेजारी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल याचा विचार करा. मग जूनमध्ये ओल धरते. उन्हाने दारू उतरते, ओलीने टोपी मरते. एका बापूंनी काडतुसं फ्रिजमध्ये ठेवली होती, थंड राहतील म्हणून. बाहेर काढली की गार पितळेवर दव धरायचं. तीन पावसाळे ते बंदूक घेऊन माझ्याकडे येत होते, आणि तीन वर्षं मी चांगली बंदूक तपासत होतो. चौथ्या खेपेला विचारलं, “बापू, काडतुसं कुठे ठेवता?” तेव्हा उलगडा झाला.

बघायचं काय? पितळी बूड हिरवं पडलंय का, कागदी किंवा प्लास्टिकची नळकांडी फुगून नळीत अडकतेय का, पुढची घडी उघडली आहे का, हलवल्यावर छर्रे खुळखुळतात का. यातलं एकही असेल तर ते काडतूस बाद. आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे तेल. नळीला भरपूर तेल लावून त्यातच काडतूस भरून बंदूक कोपऱ्यात ठेवली की तेल हळूहळू टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि टोपीतला मसाला मारून टाकतं. बाहेरून काडतूस नव्यासारखं दिसतं. भरलेली बंदूक घरात ठेवू नये याचं खरं कारण पोरंबाळं हे आहेच, पण ज्यांना ते पटत नाही त्यांना मी हे तेलाचं सांगतो. ते बरोबर पटतं.

वरणगावच्या कारखान्यात लष्कराच्या रायफलींची काडतुसं होतात. बाराबोरचं ‘शक्तिमान’ छापाचं काडतूस मात्र पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं. कुठलंही असो, नव्या खोक्यातली दोन-चार आणि जुन्यातली दोन-चार एकत्र करू नका. खोक्यावरचा गट (लॉट नंबर) आणि साल लिहून ठेवा. एकाच खोक्यातली काडतुसं दगा देत असतील तर शोध तिथेच संपला.

भिजलेली काडतुसं उन्हात पापडासारखी वाळत घालणं, तव्यावर शेकणं, फोडून दारू वाळवून परत भरणं, हे तिन्ही प्रकार मी खान्देशात पाहिले आहेत. तिन्ही करू नका. बाद काडतुसं परवानाधारक विक्रेत्याला विचारून किंवा पोलीस ठाण्यात कळवून जमा करायची. नदीत टाकायची नाहीत, उकिरड्यावर तर नाहीच.

काडतूस चांगलं, पण या बंदुकीचं आहे का?

बाराबोर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीची जेवढी जाडी, तेवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस बोरचं काडतूस यापेक्षा बारीक. ते चुकून बाराबोरमध्ये टाकलं तर सरळ पुढे घसरून नळीत अडकतं आणि मागून काडतुसाचं घर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, रिकामं दिसतं. माणूस वर बाराचं काडतूस भरतो. पुढे काय होतं ते लिहीत नाही. वीसची काडतुसं पिवळी करायची रीत याच्यासाठीच पडली. घरात दोन बोरच्या बंदुका असतील तर काडतुसं दोन वेगळ्या डब्यांत, आणि एका वेळी खिशात एकाच बोरची.

लांबीचंही तसंच. जुन्या विलायती बंदुकांचं काडतुसाचं घर पुष्कळदा अडीच इंचांचं असतं आणि आजची काडतुसं पावणेतीन इंचांची, म्हणजे 70 मिलिमीटरची, असतात. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर पुढची घडी उघडल्यावरची असते. त्यामुळे न उडालेलं लांब काडतूस आखूड घरात आरामात बसतं, आणि फसगत होते ती इथेच. उडाल्यावर घडी उघडायला जागा नसते, नळीचा गळा आवळतो आणि दाब वाढतो. नळ्या काढून खालच्या सपाट भागावर बघा, घराची लांबी कोरलेली असते. तिथेच नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याचा, शिक्का आहे का तेही बघा. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा जाळीदार नक्षी असेल तर ती बहुधा लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी आहे. अशी नळी काळ्या दारूच्या काळातली. नायट्रोचा शिक्का नसेल तर आजचं काडतूस तिला लावायचं नाही, मग बार उडो की न उडो. ती भिंतीवरची बंदूक झाली.

रॉकेल, चिंधी आणि अर्धा तास

इथे खर्च फार तर शंभर रुपये, आणि काडतूस चांगलं असूनही उथळ खड्डा पडत असेल तर बरंचसं दुखणं इथे बरं होतं.

निवडणूक आली की आपल्याकडे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2024 मध्ये तर मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा झाली. कित्येकांच्या बंदुका एकाच वर्षात दोनदा जमा झाल्या. जमा करण्याआधी माणूस प्रेमाने तिला तेलाने न्हाऊ घालतो. तेल कुठलं? घरात असेल ते. खोबरेल, सरकी, नाहीतर दरवाज्याच्या बिजागरीला लावायचं काळं ग्रीस. ती तशीच गुंडाळून महिनोन् महिने पडते. परत येते तेव्हा तेलावर धूळ बसून त्याची खळ झालेली असते. खोबरेल तर 24 अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, मग पहाटे बंदुकीच्या आत तेलाची वडी झालेली असते. घोडा त्यातून रेटा काढत जातो आणि टोपीपर्यंत पोचेतो त्याचा जोर संपलेला असतो. दुपारी ऊन तापलं की तीच बंदूक उडते. “पहाटे उडत नाही, दुपारी उडते” हे ऐकलं की मी बंदूक हातात न घेताच विचारतो, “खोबरेल लावलं होतं का?”

बंदूक नळ्या, पुढचा लाकडी तुकडा आणि दस्ता अशा तीन भागांत सुटी करा. एवढंच, पुढे एकही स्क्रू नाही. जुन्या विलायती बंदुकीचे स्क्रू बारीक खाचेचे असतात आणि बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची तोंडं फुटतात. मग माझं काम दुप्पट आणि तुमचा खर्चही.

काडतुसाच्या घरात पितळी किंवा नायलॉनचा ब्रश फिरवा, मग रॉकेलने ओली केलेली चिंधी, मग कोरडी. घराच्या तोंडाशी काडतुसाची कड बसते ती गोल खाच आणि काडतूस बाहेर ढकलणारी पट्टी यांच्या खाली बघा. तिथे जळलेली काजळी, छर्ऱ्याचा चपटलेला कण, क्वचित मक्याचा कोंडा सापडतो. काडतूस खाचेत पूर्ण बसलं नाही की घोड्याचा अर्धा मार त्याला पुढे ढकलण्यातच जातो आणि टोपीवर उथळ खड्डा पडतो.

दस्त्याच्या बाजूला, नळ्या जिथे टेकतात त्या लोखंडी तोंडावर पिनांची दोन भोकं दिसतील. तोंड खाली करून प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, काळं पाणी निथळेल ते चिंधीने टिपा. परत तसंच. थेंब स्वच्छ येईपर्यंत. मग मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब, खरोखर एकच. जास्त तेल म्हणजे पुढच्या वर्षीच्या दुखण्याचं बी.

नळ्यांतून उजेडाकडे बघायला विसरू नका. आरशासारखा गोल उजेड दिसला पाहिजे. कुंभारमाशीला बंदुकीची नळी फार आवडते. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत ती आठवड्यात मातीचं घर बांधते, आणि तेवढी माती नळी फुगवायला पुरते. चामड्याची जुनी म्यान शोभेला छान, पण पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते. बंदूक तिच्यात मुक्कामाला ठेवू नका.

आणखी एक सवय सोडा. बसल्या बसल्या रिकामी बंदूक ठक् ठक् वाजवायची. समोर टोपी नसते म्हणून पिन सगळा मार स्वतःच्या खांद्यावर झेलते आणि एक दिवस तुटते. आतला घोडा उतरवायचाच असेल तर खोटं काडतूस वापरा. दोन तरी घरात असावीत.

ढिलेपणा बघा, पण हात लावू नका

पुढचा लाकडी तुकडा काढून रिकामी बंदूक मिटा. दस्ता घट्ट धरून नळ्या डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. खुळखुळ जाणवली, किंवा नळ्या आणि लोखंडी तोंड यांच्या फटीतून उजेड दिसला, तर बिजागरीची खुंटी झिजली आहे. नळ्या आणि तोंडात अंतर पडलं की काडतूस मागे सरकतं, टोपीवर खड्डा उथळ किंवा बाजूला पडतो आणि बुडातून वायू डोळ्यांकडे येतो. अशी बंदूक कधी उडते, कधी नाही. उडते ते दिवस जास्त धोक्याचे.

तुमची तपासणी इथे थांबली. यापुढे घरात, गॅरेजमध्ये किंवा एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे काहीही करायचं नाही. फटीत पत्र्याची चकती घालणं, खुंटीवर वेल्डिंगचा ठिपका मारणं, स्प्रिंग ओढून ताणणं, हे सगळं माझ्या बाकावर येऊन गेलंय. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद मऊ पडतं. ठिपका वरून चकाकतो आणि आतून लोणी झालेला असतो.

पिनेचं तर विशेष सांगतो. उथळ खड्डा पडतो म्हणून एका दादाने लेथवर पिन लांब आणि टोकदार करून घेतली. पहिले दहा बार धडाधड उडाले, दादा खूश. अकराव्याला पिनेने टोपीला भोकच पाडलं आणि जळता वायू मागे आला. भुवई गेली, डोळा वाचला. लांब पिन परत आत नीट सरकत नाही, म्हणून बंदूक मिटतानाच टोपीला टोचून बार होऊ शकतो हे वेगळंच. त्या बंदुकीचं मूळ दुखणं मी शोधलं तेव्हा काय निघालं? खाचेत बसलेली काजळी. दहा रुपयांच्या रॉकेलचं काम.

तुटलेली पिन, थकलेली स्प्रिंग, खुळखुळणारी नळी, फुगवटा, खवले पडलेला गंज, चाप जरासा लागताच सुटणारा घोडा आणि वर सांगितलेली तीन लक्षणं, यासाठी परवानाधारक कारागीरच गाठा. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो. दुकानात तो भिंतीवर लावलेला असतो, बिनधास्त वाचा. आपली बंदूक बिनपरवान्याच्या हातात दिली तर अडचणीत दोघंही येतात.

“डुकरासाठी बनवून द्या”

आता त्या मागणीकडे येतो. रावेर-यावल पट्ट्यात रातोरात केळीचे घड लोळवणारी डुकरं आणि मका-हरभऱ्यात घुसणारे रोही (नीलगाई) यांनी माणूस किती मेटाकुटीला येतो ते मी रोज ऐकतो. माझंही पाच बिघे आहे. तरी मी नळी कापत नाही.

कायद्याचं आधी. परवान्याविना नळी आखूड करणं किंवा बंदुकीचा प्रकार बदलणं वर सांगितलेल्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 खाली गुन्हा आहे. ‘थोडीशीच’ असा प्रकार त्यात नाही. शिकारीवर 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. खान्देशात इंग्रज अधिकारी आउट्रम साहेबाच्या काळी लोक वाघ मारत असतील, ते दिवस गेले. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठीसुद्धा वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. हा घोळ फार जणांच्या डोक्यात आहे. यावल अभयारण्य किंवा शिरपूरकडच्या अनेर धरण अभयारण्याजवळ राहणाऱ्यांनी दोन गोष्टी जास्तीच्या लक्षात ठेवाव्यात. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊलही टाकायचं नाही, आणि दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांच्या नोंदणीचीही कायद्यात तरतूद आहे. वनखात्याच्या रेंज ऑफिसात एकदा विचारून घ्या. पिकाचं नुकसान झालं की पंचनामा आणि भरपाईचा अर्ज हा कंटाळवाणा मार्ग आहे खरा, पण कोर्टाच्या फेऱ्यांपेक्षा बरा.

कायदा बाजूला ठेवला तरी कारागीर म्हणूनही मी नाहीच म्हणेन. चोक म्हणजे नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांतला आवळा. पूर्ण चोक असला तरी फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, पण त्यानेच छर्ऱ्यांचा घोळका एकत्र राहतो. फुल चोकचं माप असं, की 40 यार्डांवर 30 इंचांच्या वर्तुळात साधारण सत्तर टक्के छर्रे पडावेत. नळी कापली की पहिला जातो तो चोकच. छर्रे चाळणीतल्या पिठासारखे पसरतात, जनावर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं, आणि जखमी डुकरासमोर उभं राहणं काय असतं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. शिवाय दुनळीच्या दोन नळ्या मधल्या पट्टीला झाळलेल्या असतात. टोक कापलं की झाळ उकलते, पट्टीखाली पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत गंज आतून नळी खातो. चोक असलेल्या नळीत कुणाच्या सांगण्यावरून अखंड गोळीचं काडतूस घालणं हाही तसलाच खेळ.

कारागिराकडे जाताना

मूळ परवाना बरोबर हवा, झेरॉक्स चालत नाही. बंदूक रिकामी, सुटी करून, म्यानात. काडतुसं सोबत आणू नका. न उडालेल्या काडतुसाच्या टोपीचा जवळून फोटो मोबाइलमध्ये आणा, उजव्या आणि डाव्या नळीचा वेगवेगळा, आणि उडालेली रिकामी नळकांडी असतील तर दोन-चार खिशात टाका. कुठलं तेल लावलं, बंदूक शेवटची कुठे आणि किती महिने जमा होती, मधे कुणी उघडली होती का, हे खरं खरं सांगा. लेथवाल्याचं नाव नको, फक्त त्याने काय केलं तेवढं सांगा. आणि बंदूक ठेवून जाताना तिच्या नंबरासह लेखी पावती घ्या, मी ओळखीचा असलो तरीही.